मदत हवी आहे : पीसी आणि कन्सोल एकत्र खेळायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?

अर्धवट_पिक्सेल : मंडळी अर्जंट आहे. माझ्याकडे पीसी, मावसभावाकडे कन्सोल, काल अख्खी संध्याकाळ गेली तरी तो मला दिसत नाही आणि मी त्याला दिसत नाही. मध्ये काहीतरी सॉफ्टवेअर टाकावं लागतं असं ऐकलंय, नाव सांगा फक्त. नेट चांगलं आहे, ते विचारू नका.

जुना_जॉयस्टिक : गेम कुठला?

राउटरराव : नॅटचं लफडं आहे हे, राउटर बाहेरचं कनेक्शन आत येऊ देत नाही. राउटरमध्ये जा, २५५६५ पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता उघड, पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी चालू कर. माझं असंच सुटलं होतं.

जुना_जॉयस्टिक : अहो राव, गेमचं नाव कळायच्या आत पोर्ट कसले उघडताय! आणि असं मधलं सॉफ्टवेअर वगैरे नसतं रे. क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळणं) गेम बनवणाऱ्यानेच द्यावा लागतो. फोर्टनाइट, रॉकेट लीगला एपिकचं अकाउंट जोडलं की काम झालं, पण ज्या गेममध्ये तो दिलेलाच नाही तिथे कितीही डोकं आपट.

अर्धवट_पिक्सेल : माइनक्राफ्ट. त्यात आहे क्रॉसप्ले, सगळ्यांना माहितीये.

निवांत_ताई : माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत, तुझी जावा की बेडरॉक?

अर्धवट_पिक्सेल : नेहमीचं. पीसीवरचं.

निवांत_ताई : नेहमीचं म्हणजे काय रे बाबा, लाँचरमध्ये काय लिहिलंय ते वाच.

अर्धवट_पिक्सेल : जावा

निवांत_ताई : मग तिथेच अडलंय. कन्सोलवर बेडरॉक असतं आणि ही दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. पण नवीन काही विकत घेऊ नकोस, जून २०२२पासून पीसीवर दोन्ही एकत्रच मिळतात आणि आधी जावा घेतलेल्यांनाही बेडरॉक मिळालंय, त्याच लाँचरमधून इन्स्टॉल कर. दोघांनी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करायचं आणि एकमेकांना फ्रेंड म्हणून ॲड करायचं. भावाकडे कन्सोलची ऑनलाइन मेंबरशिप आहे ना? आणि तो लहान आहे का, मुलांच्या अकाउंटवर मल्टिप्लेअरची परवानगी घरच्यांना द्यावी लागते.

राउटरराव : तरी पोर्ट उघडून ठेवलेलं बरं.

जुना_जॉयस्टिक : २५५६५ जावाच्या सर्व्हरचं आहे हो, बेडरॉकचं १९१३२. आणि त्याला सर्व्हर चालवायचाच नाहीये!

गीझरभक्त : जावा सोडायची गरजच नाही, जावा सर्व्हर टाक, त्यावर गीझर नावाचं सॉफ्टवेअर बसव, बेडरॉकवाले आत येतात. मी तेच करतो.

निवांत_ताई : तुमचे मित्र मोबाइलवर असतील. कन्सोलवर स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकायची सोयच नसते, त्यासाठी डीएनएसच्या (नेटवरचे पत्ते शोधणाऱ्या सेटिंगच्या) कसरती कराव्या लागतात. दोघांसाठी कशाला एवढं?

पहिल्यापासून_खेळतोय : आजकालच्या पोरांना क्रॉसप्ले नवीन वाटतं. फायनल फँटसी इलेव्हनमध्ये २००२ सालीच पीसी आणि प्लेस्टेशन २वाले एका सर्व्हरवर होते.

अर्धवट_पिक्सेल : काका छान, पण माझं दोन वर्षांचं वर्ल्ड जावामध्ये आहे त्याचं काय? भाऊ बारा वर्षांचा आहे, मेंबरशिप आहे.

निवांत_ताई : बारा हे आधी सांगायचंस! मावशीला परवानगी द्यायला सांग. वर्ल्डसाठी चंकर वापर, फुकट आहे, जावाचं बेडरॉक करून देतं. आधी कॉपी काढून ठेव, सगळंच्या सगळं जसंच्या तसं येत नाही.

अर्धवट_पिक्सेल : मावशीने परवानगी दिली, आलो दोघं आत!! पण माझं पिस्टनचं दार उघडेना.

निवांत_ताई : बेडरॉकचं रेडस्टोन (गेममधली वीज) वेगळं चालतं, क्वासी कनेक्टिव्हिटी (पिस्टनला त्याच्या वरच्या जागेतली वीजही लागू होणं) तिथे नाही. दार नव्याने बांध.

राउटरराव : दार नसेल उघडत तर लॅग असेल. नॅट टाइप काय दाखवतंय?