आईची रात्रीची गोळी (अल्प्राझोलाम) कमी करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ७१ वर्षांची, सांगलीला एकटी असते. मी पुण्यात. बाबा गेल्यावर तिला धडधड, घाबरं होणं, रात्रभर टक्क जाग असा त्रास सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली. पहिल्याच रात्री गुण आला. मग ती चिठ्ठी वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि कधीतरी ०.२५ ची ०.५ झाली.

गेल्या महिन्यात केमिस्टने जुन्या चिठ्ठीवर द्यायला नकार दिला. (त्याचं बरोबरच आहे, एच१ यादीतलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध, त्याला विक्रीचं रजिस्टर ठेवावं लागतं.) नवी चिठ्ठी मिळेपर्यंत आईला डोळ्याला डोळा नाही, हाताला कंप, कपडे बदलावे लागतील इतका घाम. तिचं म्हणणं, "बघ, गोळी नसली की दुखणं उलटतं." हे दुखणं की गोळी सुटल्याचा त्रास?

शिवाय रात्री बाथरूमला उठली की भिंत धरत जाते. गुडघ्यांसाठी नुकतीच ट्रामाडॉल (जोरदार वेदनाशामक) असलेली गोळी सुरू झालीय, आणि हाडांच्या डॉक्टरांना रात्रीच्या गोळीचा पत्ताच नाही. "झोपेची गोळी काय सांगायची त्यांना!" मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं तर, "मला काय वेड लागलंय?"

घरातल्या मोठ्यांची ही गोळी कुणी कमी केलीय का? किती वेळ लागला?

प्रतिसाद १
मी फिजिशियन आहे. न तपासता डोस सांगणार नाही, पण ट्रामाडॉलबद्दल हाडांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. दोन्ही मिळून गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो, या वयात पडून खुबा मोडण्याची भीती वेगळीच. कंप आणि घाम बहुधा गोळी अचानक तुटल्याचा. एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून हट्टाने डबी लपवू नका.

कमी करणं सावकाश: साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी, त्रास झाला तर तिथेच थांबायचं. म्हणजे काही महिने धरा. मूळ चिंतेसाठी एस्सिटालोप्रामसारखं औषध देतात, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेही ट्रामाडॉलबरोबर जपून. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल कुणी दिलं तर नको म्हणा, त्याने अल्प्राझोलाम रक्तात साचते.

प्रतिसाद २
सासूबाईंचं केलंय. शेवटचा पाव तुकडा सोडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. दुपारची झोप आणि चारनंतरचा चहा बंद केल्याचा उपयोग झाला. आई दवाखान्यात यायला तयार नसतील तर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावून द्या, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. हाडांच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी ट्रामाडॉल थांबवून पॅरासिटामॉल दिलंय. शनिवारी सांगलीला जातेय. ०.५ ची गोळी हाताने नीट अर्धी होत नाही, चुरा होतो. ०.२५ च्याच लिहून मागू का?

प्रतिसाद १
हो, तेच मागा. आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा.