प्रतिसाद: शिक्षा झाली म्हणजे चौकशी संपली?

आगीच्या दुर्घटनेत दोषींना शिक्षा झाली की चौकशी संपली, असं एकाने म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. शिक्षा हे कोर्टाचं काम; आग इतकी झपाट्याने का पसरली, हे शोधणारी सरकारी यंत्रणा वेगळीच हवी.

अमेरिकेत २००३ मध्ये ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' नावाच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत १०० जणांचा जीव गेला. 'निस्ट' या मानकं आणि तंत्रज्ञानाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने तिथल्या स्टेजची प्रतिकृती, भिंतींवरच्या आवाज रोखणाऱ्या फोमसकट, उभारून पेटवून पाहिली. सुमारे दीड मिनिटात तिथे जगणं अशक्य! स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) लावून पुन्हा पेटवली, तर पाच मिनिटांनंतरही तग धरता येण्यासारखी स्थिती. सगळ्या नव्या नाइटक्लबना स्प्रिंकलर हवेत ही शिफारस त्यातूनच आली. आणि तिथल्या कायद्याने निस्टचा चौकशी अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात वापरता येत नाही, म्हणजे कारणं शोधणं आणि दोष ठरवणं वेगळं राहतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.