शब्दचर्चा: 'रीझनेबल अकोमोडेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आमच्या कंपनीचं समान संधी धोरण मराठीत करतेय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार असं धोरण प्रत्येक आस्थापनेला करावंच लागतं. त्यात 'रीझनेबल अकोमोडेशन' येतं, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात यालाच 'रीझनेबल ॲडजस्टमेंट्स' म्हणतात. मी 'वाजवी सवलत' लिहिलं होतं. आमचा एक अंध सहकारी म्हणाला, "सवलत एसटीच्या तिकिटात मिळते. मला स्क्रीन रीडर लागतो, तो कामासाठी." (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.)

प्रतिसाद १: 'समायोजन' घ्या की. शासकीय भाषेत रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद २: रुळलाय, पण वेगळ्या अर्थाने. महाराष्ट्रात समायोजन म्हटलं की अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवणंच आठवतं. म्हणजे माणूस हलवायचा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला आधीचं पद झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, असं कलम २०(४) सांगतं. तिथे समायोजन चपखल बसेल. इथे माणूस जागेवरच राहतो, बदलायचं ते काम करण्याच्या पद्धतीत किंवा साधनांत.

तुमच्या सहकाऱ्याचं मला मनापासून पटलं. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ही सोय नाकारणं मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे. म्हणून 'वाजवी सोय' सुचवते. सोय नसली की गैरसोय, हे कुणालाही कळतं.

'वाजवी'च्या जागी 'रास्त' नको. नुसतं रेशन दुकान आठवतं म्हणून नव्हे. व्याख्येतच अट आहे की मालकावर अवाजवी बोजा पडू नये. वाजवी-अवाजवी ही जोडी एकाच वाक्यात नीट बसते.

प्रतिसाद ३: पण 'सोयी' म्हटलं की रॅम्प, लिफ्ट डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद २: ती सुगम्यता, कोण येणार हे माहीत नसतानाही सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची. ही सोय एकेका माणसाला विचारून करायची: थॅलेसेमिया असलेल्याला रक्त घ्यायच्या दिवशी कामाची पाळी बदलून देणं, बहिऱ्या सहकाऱ्यासाठी बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी. म्हणून शब्द एकवचनी ठेवा आणि क्रियापद 'करून देणे'.

प्रश्नकर्ती: 'सवलतीसाठी अर्ज करावा' हे वाक्य खोडलं. आता असं आहे: 'कामात येणारी अडचण कळवा. तिच्यासाठी वाजवी सोय करून देणे ही कंपनीची जबाबदारी आहे.' उद्या सहकाऱ्याला वाचायला देते.