नळीसोबतचे साहित्यही तपासावे

बॅलार्ड किंवा विंचेस्टर १८८५ यांसारखी जुनी एकबारी नेमबाजीची रायफल घेताना आधी लाकडी दस्ता आणि नक्षीकाम पाहावे, असे सुचवले जाते. मला मात्र नळी आणि तिच्यासोबतचे साहित्य अधिक महत्त्वाचे वाटते. उदाहरणार्थ, हॅरी पोप या अमेरिकी कारागिराच्या नळ्यांमध्ये शिशाची गोळी पुढून, तर दारू भरलेले काडतूस मागून घालण्याची पद्धत होती. गोळी आत जाताना नळीच्या तोंडाची कड दुखावू नये म्हणून, आतल्या पिळदार खाचा पाडण्यापूर्वीच त्या नळीचा पुढचा तुकडा कापून त्याचे ‘फॉल्स मझल’ करत, ते खुंट्यांनी जागेवर बसवत आणि मग दोन्हींत खाचा सलग पाडत. त्यामुळे मूळ तुकडा हरवला, तर दुसऱ्या नळीचा तिथे चालत नाही, आणि अशी रायफल कितीही देखणी असली तरी मी ती अपुरीच मानतो. बार काढण्यापूर्वी तो तुकडा काढून ठेवावा लागे, म्हणूनच तो इतक्या सहज वेगळा पडतो. नळीला नव्याने निळी झिलई दिलेली दिसली, तर खरेदीचा विचार सोडावा. अशी झिलई देण्याआधीच्या घासकामात मूळ खुणा आणि अक्षरे बोथट झालेली असतात.