मदत हवी आहे: समुद्रासारखा ताजा, पण गुलाबाचा परफ्यूम. ‘कूल वॉटर सी रोझ’ कुणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात गुहागरला, आमच्या घरच्या अंगणात आहे. साड्या, दागिने, आमंत्रणं, सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते परफ्यूमपाशी. तिला गुलाबच हवा, पण लग्नात अत्तरदाणीतून हाताला लावतात तसला जड, गोड गुलाब नको. गोड सेंटनं तिचं डोकं धरतं. तिचं म्हणणं असं, की वाऱ्यावर गुलाब उमलल्यासारखं वाटलं पाहिजे, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं नाही.

शोधता शोधता डाविडॉफ कंपनीच्या ‘कूल वॉटर सी रोझ’पाशी येऊन थांबलेय. २०१३ मध्ये आलेला, बायकांच्या ‘कूल वॉटर’चाच एक पुढचा प्रकार. मैत्रिणीकडे बाटली आहे, म्हणून मनगटावर मारून पाहिला. आधी नाशपातीचा पाणीदार वास आला, साल काढताना येतो तसा, अजिबात चिकट नाही. मग फुलं आली, पण ती गुलाबाची की दुसऱ्या कशाची, हे काही केल्या ठरवता येईना. शेवटी अंगाला नुसता स्वच्छ, मऊ वास उरला. बहिणीनं हुंगलं, “बरा आहे” म्हणाली आणि थोड्या वेळानं आपणहून पुन्हा मनगट नाकाशी नेलं. तिच्या बाबतीत हे फार मोठं कौतुक आहे!

ज्यांनी खरंच वापरलाय त्यांना विचारायचंय. आपल्या दमट हवेत कसा राहतो? मुहूर्त सकाळचा आहे, दुपारच्या पंगतीपर्यंत टिकेल का? यात गुलाब तुम्हाला जाणवतो का? आणि पैठणी, नथ, मोत्याचे दागिने असताना मारायचा कुठे? याच्यासारखं दुसरं काही सुचत असेल तर तेही सांगा. जाहिरातीत काय लिहिलंय ते वाचून झालंय, मला अंगावरचा अनुभव हवाय.

---

लोकलवाली

मी वापरते, उन्हाळ्यात ऑफिसला जाताना. भर गर्दीत शेजारचीला त्रास होत नाही, यासाठी मला तो प्रिय आहे. दमट हवेत सुरुवातीचं फळ पटकन उडून जातं, पण मागचा मस्क (कस्तुरीसारखा मऊ वास) छान बसतो. गुलाब म्हणशील तर मला फार थोडा जाणवतो. गुलाबी रंगाचं काहीतरी फूल आहे एवढंच कळतं. ओ द त्वालेत आहे, म्हणजे परफ्यूमचा मुळातच हलका प्रकार. सकाळी मारला तर दुपारी जेवणाच्या सुमारास अगदी जवळ आलेल्यालाच कळेल. नवरीच्या बाबतीत ते चांगलंच ना?

---

अत्तरवेडी

तुझ्या नाकानं बरोबर पकडलंय. यात सांगितलेले मुख्य वास म्हणजे नाशी (ती कुरकुरीत जपानी नाशपाती), पिओनी आणि पांढरा मस्क. नाव गुलाबाचं असलं तरी मधलं फूल पिओनीचं आहे. पिओनीच्या फुलातून परफ्यूमवाल्यांना वापरता येईल असं तेल काढत नाहीत, त्यामुळे बाटलीतली पिओनी नेहमी जुळवून केलेली असते. गुलाबाचे हलके, ताजे घटक घ्यायचे, त्यातला मधाळपणा आणि मसाल्याचा भाग गाळायचा, वर थोडं आंबट-हिरवं काही द्यायचं. म्हणून पिओनी हुंगताना अर्धा गुलाब भेटल्यासारखं वाटतं. बहिणीला जड गुलाब नको असेल, तर हेच तिच्या पथ्यावर पडणार आहे.

आता समुद्र. या जातीच्या परफ्यूममध्ये जो समुद्र असतो तो बहुतेक वेळा कॅलोन नावाच्या रेणूचा. १९६६ मध्ये फायझर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना तो सापडला. वास निम्मा कलिंगडाचा, निम्मा खाऱ्या वाऱ्याचा. गंमत अशी, की तपकिरी समुद्रशेवाळ जे गंधरेणू पाण्यात सोडतं, त्यांच्याशी त्याची ठेवण मिळतीजुळती आहे, म्हणून मेंदू लगेच किनाऱ्यावर जातो. कितीतरी वर्षं तो फारसा कुणी वापरला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वापर वाढला आणि १९९२ च्या ‘लो दिस्से’ या परफ्यूमनं त्याला घराघरांत नेलं. पुरुषांचा मूळ ‘कूल वॉटर’ १९८८ चा, त्याचा गारवा जास्त करून डायहायड्रोमायरसेनॉल या रेणूचा, धुतलेल्या कपड्यांसारखा स्वच्छ. ‘सी रोझ’ या घराण्यातला असला तरी माझ्या नाकाला त्यात मीठ जवळजवळ नाही, पाणी आहे. खारट समुद्र हवा असेल तर हा तो नव्हे.

टिकण्याबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याला स्वतःचा परफ्यूम थोड्या वेळानं यायचा थांबतो, नाक त्या वासाला सरावतं. शिवाय काही मस्क काही जणांना मुळातच येत नाहीत. म्हणून “तासाभरात गेला” असं स्वतःच्या नाकावरून ठरवू नकोस. बहिणीला लावून अर्धा दिवस घरात वावरू दे आणि बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी विचार. दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर तर मुळीच विसंबू नकोस, मस्क खरा कळतो तो अंगाच्या उबेवर.

---

हर्णैकर

परफ्यूममधलं मला काही कळत नाही, पण समुद्राच्या वासाबद्दल बोलतो. खरा समुद्राचा वास बराचसा डायमिथाइल सल्फाइडचा. सूक्ष्म वनस्पती, शेवाळ यांच्यापासून तो तयार होतो. बंदरावर त्यात ताज्या मासळीचा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मिसळतो. बाटलीत तो कुणी भरणार नाही आणि भरूही नये. तुमच्या अंगणात वारा खाडीचा असो नाहीतर समुद्राचा, खारेपणा त्या दिवशी हवेतच असणार. नवरीच्या अंगावर फक्त फूल असलं तरी पुरे, बाकीचं गुहागर करेल.

---

अत्तरवेडी

हर्णैकर, हे फार आवडलं. अगदी पटलं.

---

पैठणीप्रेमी

कपड्यांचं आणि दागिन्यांचं मी सांगते, कारण माझ्या घरात हे पाहिलंय. पैठणीवर थेट फवारा मारायचा नाही म्हणजे नाही. रेशमावर डाग पडतो आणि जरतार काळवंडण्याची भीती असते. मोत्यांचं त्याहून नाजूक. मोती म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर सेंट, घाम, हेअर स्प्रे यांनी झिलई मरते. नथ, तन्मणी, चिंचपेटी, जे काही मोत्याचं असेल ते परफ्यूम पूर्ण वाळल्यावर, सगळ्यात शेवटी घालायचं.

क्रम असा ठेव: अंघोळ, वास नसलेलं मॉइश्चरायझर (कोरड्या कातडीवरून सेंट लवकर उडतो), मग परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे आणि मानेच्या मागे केसांच्या खाली. नंतर साडी. मनगटावर नको, तिथे चुडा आणि मेंदी आहे, शिवाय विधींमध्ये हात सारखे धुवावे लागतात. आणि मारून झाल्यावर चोळायचं नाही, जिथल्या तिथे वाळू द्यायचं.

गजरा कसला घालणार आहात? ते आधी ठरवा. अंबाड्यावर वासाचा गजरा असेल तर हलका परफ्यूम कुणाला कळणारही नाही.

---

धागाकर्ती

@पैठणीप्रेमी, गजऱ्याचा विचारच डोक्यात आला नव्हता! डिसेंबरात चांगला मोगरा मिळणं कठीण, म्हणून अबोलीची वेणी आणि मधे गुलाबाचं एक फूल, असं आईच्या मनात आहे.

---

पैठणीप्रेमी

मग तर उत्तमच झालं. अबोलीला वास जवळजवळ नसतो, परफ्यूमला वाट मोकळी. गुलाब मात्र देशी, वासाचा शोध. फुलवाल्यांकडचे लांब देठाचे लाल गुलाब दिसायला देखणे, पण बहुतेकांना वास नसतो. तसा मिळाला तर सोनं! परफ्यूममधल्या गुलाबाची उणीव तिथेच भरून निघेल.

---

लोकलवाली

याच जातीचं म्हणशील तर ‘लो दिस्से’ एकदा अंगावर लावून बघ. पाण्याच्या कल्पनेवर बेतलेला, कमळ आणि गुलाबपाण्याचा आभास त्यात आहे, पण फुलं जास्त ठळक आणि मला तरी तो ‘सी रोझ’पेक्षा बराच जास्त वेळ पुरतो. अरमानीचा ‘अ‍ॅक्वा दि जोया’ही समुद्राच्या नावानं येतो, मात्र त्यात पुदिना आणि ब्राउन शुगर आहे. गोडानं डोकं धरत असेल तर तो बहिणीला देऊ नकोस.

---

अत्तरवेडी

आणखी एक वाट आहे. ‘सी रोझ’ तसाच ठेव आणि त्याखाली गुलाबाचा एक अगदी बारीक थर दे. कनौजचं अत्तर माहीत असेलच. तिथे देग-भपक्यात (अत्तर गाळायच्या भांड्यांत) पाकळ्यांची वाफ काढून ती चंदनाच्या तेलात उतरवतात, ते गुलाबाचं अत्तर. चंदनाशिवाय नुसतं फुलाचं तेल असतं ते रूह गुलाब. अत्तरात चंदनाचा जडपणा येतो, तो तुम्हाला नकोय. रूह महाग असते, पण काडीच्या टोकावर येईल एवढीच लागते. गळ्याच्या खोलगटीत नको, छातीशी, ब्लाउजच्या आत जाईल अशा जागी. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर नाद सोडा. आणि स्वस्तात मिळणारी “शुद्ध रूह” घेऊ नका. हजारो पाकळ्यांतून थेंबभर निघणारी वस्तू स्वस्त असूच शकत नाही.

हे जमलं नाही तरी बिघडत नाही. चांगलं गुलाबपाणी मानेवर थोपटून वाळू द्या आणि वर ‘सी रोझ’ मारा. गुलाबाच्या वासातला फेनिल इथाइल अल्कोहोल नावाचा घटक पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून गुलाबपाण्याला तो कोवळा, ताज्या पाकळीचा वास असतो. तुझ्या बहिणीला नेमका तोच गुलाब हवाय असं वाटतं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला अख्खा धागा वाचून दाखवला. रूह तिला नको म्हणाली, एवढ्या दिवसांत अंगाला सवय करायला वेळ नाही आणि त्या सकाळी तिला कसलीच जोखीम नकोय. गुलाबपाणी आणि वर ‘सी रोझ’ हे मात्र तिला एकदम पटलं. येत्या रविवारी हळदीच्या तयारीला घरी माणसं येणार आहेत, तेव्हा तिला लावून स्वयंपाकघरात, उन्हात वावरायला सांगणार आहे. नाक माझ्या मावशीचं वापरणार, ती दुपारच्या गाडीनं येतेय.

आता एवढंच सांगा: वासाच्या देशी गुलाबाचं एखादं फूल डिसेंबरात चिपळूण-गुहागर पट्ट्यात कुणाच्या परसात फुलतं का? की पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला सांगू? आणायचं तर रात्रभर ताजं कसं ठेवायचं, तेही सांगा.

---

हर्णैकर

आमच्या शेजारी झाड आहे, हिवाळ्यात फुलतं. निरोप करा, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कळ्या काढून ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मरतो. केळीच्या पानात गुंडाळून गार फरशीवर ठेवा, पहाटे उमलायला लागतील.