मदत हवी आहे: ड्रायव्हर अपडेट केल्यापासून गेमिंग लॅपटॉप बसला, ८५ चे एफपीएस १९ वर

कापूसकोंडा

मंडळी, नमस्कार. चार दिवसांपासून डोकं आउट झालंय म्हणून शेवटी धागा काढायलो. "नवीन घे" हा सल्ला आधीच नको. हा घ्यायला घरी वर्षभर हातापाया पडलो होतो.

लॅपटॉप दोन वर्षांचा. प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय५, रॅम १६ जीबी, म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या. ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, १८० वॅटचा अडॅप्टर, विंडोज ११. कंपन्यांची नावं मुद्दामच घेत नाही. मागं एका धाग्यात कोणती कंपनी भंगार यावरच चाळीस प्रतिसाद पडले आणि विचारणारा बिचारा तसाच राहिला.

संभाजीनगरला हॉस्टेलवर जीटीए ५ हा गेम हाय सेटिंगवर आरामात ८० ते ८५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं, द्यायचा. परीक्षा संपली, शनिवारी गावी आलो. गाव सेलू तालुक्यात, परभणी जिल्हा. रविवारी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आल्याचं दिसलं. इकडं वायफाय कुठलं? मोबाईलच्या दीड जीबीतला पाऊणएक जीबी त्यात घातला. इन्स्टॉल करताना 'क्लीन इन्स्टॉल'वर टिक केली, कारण सगळे व्हिडिओवाले तेच सांगतात. रीस्टार्ट मारला, गेम लावला आणि एफपीएस १९! गाडी वळवली की चित्र मागून येतंय.

काय काय केलं ते सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या ड्रायव्हरवर परत जायला गेलो, तर ते बटणच फिकट झालंय, दाबता येईना. सगळ्या सेटिंग्ज लो केल्या, तर १९ चे २२ झाले. बस. गेम पुन्हा उतरवायचा तर शंभर जीबीच्या वर, म्हणजे माझ्या रिचार्जवर दोन महिने.

इकडं ऊन ४३ च्या घरात आहे, त्यात भाव येईल म्हणून अर्धं घर कापसानं भरलेलं. पण हॉस्टेलवर पंखा विमानासारखा ओरडायचा, तो आता गप आहे. तेवढी एकच गोष्ट बरी झाली.

हा ड्रायव्हर काढून जुना कसा बसवायचा, तेवढं कोणीतरी नीट सांगा.

एफ१२

जुना बसवायच्या आधी एक बघ. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा. जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील. एक प्रोसेसरच्या पोटातलं, एक तुझं मोठं कार्ड. नावं वाच आणि कोणतं राबतंय ते सांग.

क्लीन इन्स्टॉल म्हणजे नुसता ड्रायव्हर बदलणं नव्हे. कार्डाच्या पॅनेलमध्ये तू गेमनुसार जे ठरवून ठेवलं होतंस ते सगळं मूळपदावर जातं, आणि मागं जायला जुना ड्रायव्हरही उरत नाही. तुझं बटण त्यामुळेच फिकट. गेम छोट्या कार्डावर गेला असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, तिथं गेमची फाइल निवड आणि 'हाय परफॉर्मन्स' दे.

आणि नव्या ड्रायव्हरनंतर शेडरचा, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, साठा नव्यानं तयार होतो, त्यामुळे पहिला थोडा वेळ गेम अडखळतोच. वीसेक मिनिटं खेळून मग आकडे दे.

कापूसकोंडा

भाऊ, अर्धं बरोबर निघालं! छोटं कार्ड ९८ टक्क्यांवर घाम गाळायलं होतं आणि मोठं शून्यावर झोपलेलं. तू सांगितलं तसं केलं, गेम मोठ्या कार्डावर आला. पण एफपीएस? २७. वीस नाही, चाळीस मिनिटं खेळलो, तरी २७. मोठं कार्ड ३५ टक्क्यांच्या वर जाईना.

म्हणजे ड्रायव्हरच खराब ना?

रात्रपाळी

डीडीयू वापरा, म्हणजे ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर. सेफ मोडमध्ये जाऊन जुन्याचा मागमूस पुसायचा, नेट बंद ठेवायचं, नाहीतर विंडोज मधेच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवतं. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा, तुमच्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर टाकायचा. तो जुना असतो पण त्या मशीनवर तपासलेला असतो. सेफ मोडला जाण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या विंडोजवाल्या कुलपाची, की जवळ आहे ना ते बघा. आणि हात लावताच आहात तर बायोसही, म्हणजे विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या.

गोदाकाठची

डीडीयूचं ठीक. पण बायोसला हात लावू नकोस रे बाबा! मी गंगाखेडची आहे, आपल्याकडची लाईट मला माहीत आहे. बायोस लिहिला जात असताना वीज गेली आणि बॅटरीनं साथ सोडली, तर लॅपटॉपचा पाट होईल, पोळ्या लाटायच्या कामाचा. पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे सल्ले देताना जरा विचार करावा.

रात्रपाळी

मी जालन्याचा आहे, ताई. पण मुद्दा मान्य.

पेठेतला

मला यात ड्रायव्हरपेक्षा तुमचा कापूस दिसतो. ४३ अंश, बंद खोली, पंख्यात तंतू. प्रोसेसर शंभरीला टेकला की स्वतःचा वेग कमी करतो. मागचं झाकण काढून साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पात्यात काडी अडकवून तो धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलून टाका, दोन वर्षं झाली.

कापूसकोंडा

झाकण काढलं. जाळीत कापूस निघाला, खोटं कशाला बोलू. सांजवात होईल एवढा. आजीनं खरंच मागितला.

पण एफपीएस २७ च. मग एचडब्ल्यूइन्फो टाकून तापमान बघितलं. अर्धा तास गेम खेळून प्रोसेसर ५८, कार्ड ५२. हॉस्टेलवर प्रोसेसर नव्वदीला असायचा. म्हणजे उन्हाळ्यात गावाकडं येऊन लॅपटॉप थंड पडलाय. कामून? आता डीडीयूच करतो, दुसरा मार्ग दिसेना.

सोल्डरगन

थांब जरा. डीडीयूत आजचा डेटा घालू नकोस.

माझं लातूरला रिपेअरिंगचं दुकान आहे. तू सगळं इथंच लिहिलायस, फक्त वेगवेगळ्या पोस्टीत. सेटिंग लो केल्या तरी फरक नाही, मोठं कार्ड ३५ टक्क्यांवर रिकामं बसलंय, म्हणजे कार्डाला काम पोचवणारा प्रोसेसरच ढेपाळलाय. आता तो कामून ढेपाळला? गरम होऊन मंद झाला असता तर ९५ च्या पुढं दिसला असता आणि पंख्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तुझा मंद पण आहे आणि थंड पण आहे. पंखा गप बसला ते तू बरं झालं म्हणूलालास, मला ती पोस्ट वाचूनच शंका आली. मंद आणि थंड म्हणजे त्याला वीज पुरी मिळंना, नाहीतर मिळत असून तो घेईना.

तीन गोष्टी सांग. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग किती गिगाहर्ट्झ दिसतोय? बॅटरी चार्ज होतीय का? आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर काही इंग्रजीत येतंय का? आलं असेल आणि तू न वाचता एंटर मारला असशील तर तसं सांग, लाजू नकोस. दुकानात दहातले आठ जण तेच करतात.

कापूसकोंडा

दादा, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का?

वेग ०.८०. गेम असो नसो, काटा तिथंच. बॅटरी रविवारपासून ६१ वर अडकलीय. 'प्लग्ड इन' दाखवतंय पण चढत नाही. मला वाटलं व्होल्टेजमुळं असंल. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्या स्टॅबिलायझरवर १६५ दिसतं, फ्रिज पण कण्हतो.

आणि काळ्या पडद्यावर येतंय काहीतरी! माझी भाची ते आलं की पळत येऊन एंटर दाबते, तिचा तो खेळच झालाय. मला वाटलं अपडेटचंच काही असंल. आत्ता रीस्टार्ट करून वाचलं. अडॅप्टर किती वॅटचा आहे ते ओळखता येईना, असं काहीतरी लिहिलंय.

सोल्डरगन

सापडला चोर. व्होल्टेजला दोष देऊ नकोस. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'इनपुट १००–२४० व्होल्ट' छापलंय बघ. १६५ त्याला चालतं. फ्रिजचं दुखणं वेगळं.

आता लक्ष दे. अडॅप्टरची जी गोल पिन लॅपटॉपमध्ये जाते, तिच्या आत डोकावून बघ. मधोमध सुईसारखी बारीक पिन असती. वीज तिच्यातून येत नाही, ती बाहेरच्या गोल भांड्यातून येती. मधली सुई फक्त निरोप सांगती, की मी १८० वॅटचा आहे. अडॅप्टरमधल्या चिपचा हा निरोप लॅपटॉपला वाचता आला नाही, तर तो म्हणतो, कोण कुठला हा, माझा भरवसा नाही. मग बॅटरी चार्ज करणं बंद आणि प्रोसेसर अगदी तळाच्या वेगावर. चार्जिंगचा दिवा मात्र लागलेला असतो, म्हणून माणूस फसतो. सगळ्या कंपन्यांत अशी पिन नसती, तुझ्या मॉडेलला असणार.

खात्री करायची तर अडॅप्टर काढून टाक आणि नुसत्या बॅटरीवर गेम लाव. एफपीएसकडं बघू नकोस, सीपीयूच्या वेगाकडं बघ.

एफ१२

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शीर्षकात ड्रायव्हर वाचला आणि मीही ड्रायव्हरच धरून बसलो. कापूसकोंडा, शनिवारी गावी येताना बॅग कुठे होती?

कापूसकोंडा

बॅटरीवर लावला. वेग ०.८० वरून थेट २.९! अडॅप्टर काढल्यावर लॅपटॉप पळायला लागला, असलं उलटं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. एफपीएस ३० वर बांधलेले राहिले, पण ते बॅटरीवर कार्ड हात आखडतं म्हणून असंल.

पिन बघितली. मोबाईलचा टॉर्च मारून आत डोकावलो तर सुई वाकून कडेला टेकलीय. बॅग एसटीत सीटखाली होती, जालन्याला कुणीतरी तिच्यावर ज्वारीचं पोतं सरकवलं. मी झोपेत होतो. अडॅप्टर बाहेरच्या कप्प्यात, पिनेला टोपण नाही.

आणि हॉस्टेलवर मी महिनाभर लॅपटॉप बंदच केला नव्हता, नुसतं झाकण लावायचो. म्हणजे अपडेटनंतरचा रीस्टार्ट हा महिन्यातला पहिला. तो मेसेज त्याच वेळी पहिल्यांदा दिसला, म्हणून मी सगळं अपडेटच्या माथी मारलं.

सोल्डरगन

आता घाईत टाचणी घालून उचकटू नकोस. बोर्डातला प्लग काढ, पाच मिनिटं थांब. संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळी घे, रिफिलची. ती सुईवर हळूच चढव आणि नळीसकट सुई सरळ कर. एका दमात नाही, थोडी थोडी. तुटली तर वायरच बदलावी लागंल.

कापूसकोंडा

अपडेट. हे अपडेट चांगलं आहे, घाबरू नका.

आधी खात्री म्हणून सेलूत ई-सेवा केंद्रावर गेलो. तिथल्या दादाकडं त्याच कंपनीचा जुना ऑफिसचा लॅपटॉप आहे, ६५ वॅटचा अडॅप्टर, पिन नशिबानं त्याच मापाची. तो लावला तर बायोसमध्ये स्वच्छ '६५' दिसलं आणि बॅटरी चढायला लागली. म्हणजे लॅपटॉपचं सॉकेट चांगलं, भानगड माझ्याच पिनेत.

घरी येऊन रिफिलवाला उपाय केला. पहिली रिफिल जाड निघाली, चढंना. दुसरी जेलपेनची होती, तिच्यात शाई उरलेली, बोटं निळी झाली. तिसरी बसली. पंधरा मिनिटं श्वास धरून सरळ केली. लावला. काळा पडदा आलाच नाही, भाचीचा हिरमोड झाला. बायोसमध्ये '१८०'.

जीटीएचा त्याच्यातलाच बेंचमार्क लावला: सरासरी ८३. ड्रायव्हर तोच, नवा. डीडीयूला हातही लावला नाही.

पेठेतला

अभिनंदन. तरी पेस्ट बदलाच.

सोल्डरगन

एकदा वाकलेली सुई पुन्हा वाकती, हे धरून चाल. गुंडाळताना पिनेला टोपण घाल, टोपण नसंल तर जाड स्ट्रॉचा तुकडा चालतो. पुढं अडॅप्टर घ्यायची वेळ आली तर पाचशे रुपयांचा कॉपी माल आणू नकोस. बऱ्याचदा त्यात ती ओळख सांगणारी चिपच धड नसती, मग नव्या अडॅप्टरसकट ०.८० वर येशील आणि परत धागा काढशील.

कापूसकोंडा

स्ट्रॉ घातला. दादा, लातूरला आलो तर चहा माझ्याकडून.

संपादक मंडळ, शीर्षकातून 'ड्रायव्हर अपडेट' काढता येईल का? की राहू द्यावं? माझ्यासारखा पुढचा माणूस तेच शब्द टाकून शोधणार. जाऊ द्या, राहू द्या.

पंखा परत ओरडायला लागलाय. आई आतून विचारायली, एवढ्या रात्री पिठाची गिरणी कोणी लावली म्हणून.