मदत हवी आहे: जोताची जोडी चोरीला गेली, गोव्यात नेली असेल तर काय करायचं?

आम्ही दोडामार्ग तालुक्यातले, गोव्याची हद्द अगदी जवळ. परवा रात्री गोठ्यातून बाबांचे दोन्ही बैल दावी कापून नेले, पहाटे चिखलात टेम्पोच्या चाकांचे ठसे तेवढे दिसले. लावणी तोंडावर आलीय आणि बाबा नीट जेवतसुद्धा नाहीयेत, पोरांसारखे वाढवलेत हो त्यांनी. वाडीत आता सगळे आळीपाळीने रात्र जागतायत.

दोघांच्या कानात १२ अंकी नंबरचा पिवळा बिल्ला आहे, फोटोही आहेत. चौकीवर म्हणाले आधी गोव्यात शोधा, पण चोरी आमच्या गोठ्यातली ना, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते ना? डिचोली, पेडणे बाजूचं कोणी असेल तर प्लीज सांगा, बिल्ल्याचा नंबर तिकडच्या गुरांच्या दवाखान्यात कळवला तर उपयोग होईल का?